तक्त्यावरच्या चांदण्या आणि ओला ब्रश

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही कवळ्याला राहतो. मी फोंड्यात नोकरी करते, यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. मुलगी चार वर्षांची. मुलाला रात्री दात घासायला लावायचं म्हणजे रोजची रडारड. म्हणून जूनमध्ये मी फ्रिजवर एक तक्ता लावला. दात घासले की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की एक लहानसं खेळणं. पहिले पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग सौदे सुरू झाले. ‘आज दोन चांदण्या देणार असशील तरच घासतो.’ एकदा लक्षात आलं की हा नुसता ब्रश नळाखाली ओला करून ठेवतो आणि चांदणी मागतो. धाकटीचं नाव त्याच तक्त्यावर आहे. तिच्या चांदण्या नेहमीच कमी पडतात, त्यामुळे तिने ब्रश हातात घेणंच सोडलं. गणेश चवथीला मूळ घरी गेलो तेव्हा पाच दिवस काहीच जमलं नाही. परत आल्यावर मुलगा म्हणतो, ‘आता चांदण्यांची ओळ तुटली, मग घासून काय उपयोग?’

चांदणी मिळाली की सासूबाई कौतुकाने चॉकलेट देतात. वर म्हणतात, ‘दुधाचे दात, पडायचेच आहेत. आम्ही आंब्याच्या पानाने घासले, आमचे कुठे किडले?’ यजमानांनी फोनवर दात घासण्याचं अॅप घातलं आहे. ते लावलं की ब्रश एका जागी आणि डोळे फोनवर. खेळाच्या नादाला लावून मीच मुलाला बिघडवलं का? हे सगळं बंद करून सरळ धाक दाखवावा का?

— एक आई, कवळे

ता. क. धाकटीच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ पांढरट पट्टा दिसतो, एका दातावर तपकिरी ठिपकाही आहे. पेस्टचा डाग असेल का?

उत्तर

प्रिय ताई,

धाक दाखवू नका. खेळही बंद करू नका. खरं सांगायचं तर तुमच्या घरात खेळ अजून सुरूच झालेला नाही. तक्त्यावर होता तो मोबदला. ब्रश तोंडात असतो त्या दोन मिनिटांत मुलाला शोधण्यासारखं, ठरवण्यासारखं, हसण्यासारखं काहीच नव्हतं. ती दोन मिनिटं पूर्वीइतकीच कंटाळवाणी राहिली, फक्त शेवटी चांदणी आली. मग सहा वर्षांचं हुशार मूल काय करील? चांदणीपर्यंतची वाट जमेल तेवढी आखूड करील. त्याने तेच केलं. ओल्या ब्रशला लबाडी समजून मनाला लावून घेऊ नका. ब्रश ओला आहे का, एवढंच तक्ता विचारत होता; त्याने तेवढंच उत्तर दिलं.

मानसशास्त्रात याबद्दलचा एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला आणि १९७३ मध्ये तो छापून आला. चित्रं काढायची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर अचानक ते दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा कबूल केलेलं प्रशस्तिपत्र मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्या पेनांकडे फिरकली. ज्यांना अचानक मिळालं होतं त्यांच्या आवडीला काहीच धक्का लागला नव्हता.

हा प्रयोग जसाच्या तसा दातांना लावणं बरोबर नाही, हेही सांगते. त्या मुलांना चित्रांचं वेड आधीपासूनच होतं. दात घासायचं वेड घेऊन कुणी जन्माला येत नाही. नावडत्या कामाला सुरुवात करून द्यायला लहानसं बक्षीस उपयोगी पडतं. त्यामुळे तुमचे ते पहिले पंधरा दिवस वाया गेलेले नाहीत. झोपण्याआधी ब्रश हातात घ्यायचा असतो, हे त्या दिवसांत त्याच्या अंगवळणी पडलं. त्यानंतर बक्षिसाने हळूहळू मागे सरायला हवं होतं आणि घासण्यातच काही गंमत यायला हवी होती. ती आणणं अजूनही शक्य आहे.

आधी तक्ता उतरवा, पण रागाने नको. दहाला जितक्या चांदण्या कमी असतील तेवढ्या सोडून द्या आणि कबूल केलेलं खेळणं त्याला देऊन टाका. हिशेब मिटला नाही तर तुमच्या पुढच्या कुठल्याच खेळावर तो विश्वास ठेवणार नाही. मग सांगा, तक्ता पूर्ण झाला, उद्यापासून आपण बस काढायची.

ही बस तुम्ही रोज बघता ती फोंडा-पणजी. वरच्या ओळीतला उजवीकडचा शेवटचा दात म्हणजे फोंडा, डावीकडचा शेवटचा दात म्हणजे पणजी. वाटेत फर्मागुडी, म्हार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे. एकूण सहा थांबे, प्रत्येक थांब्यावर एक-दोन दात. पणजीला पोचलं की बस खालच्या ओळीत उतरते आणि त्याच थांब्यांनी फोंड्याला परत येते. जाऊन-येऊन बारा थांबे झाले. प्रत्येक थांब्यावर दहा आकडे सावकाश मोजले की दंतवैद्य सांगतात ती दोन मिनिटं पुरी होतात, घड्याळाकडे बघावं लागत नाही. दहा आकड्यांत दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावायची बाजू अशा तिन्ही बाजू घासायच्या. आतल्या बाजूचा प्रवासी उतरला नसेल तर बस हलवायची नाही.

मुलगा ड्रायव्हर. धाकटी कंडक्टर, आकडे तिने मोजायचे आणि ‘फुडें सर, फुडें सर’ असा पुकाराही तिनेच करायचा. मग ती ड्रायव्हर आणि तो कंडक्टर. या जोडीकडे नीट बघा, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग मला धाकटीचा वाटला. चार वर्षांच्या बोटांना सहा वर्षांच्या बोटांची सर येणं शक्यच नाही. एकाच तक्त्यावर दोघांची नावं लिहिली त्याच दिवशी तिचं हरणं ठरलं होतं. रोज हरवणारा खेळ मोठी माणसंसुद्धा सोडून देतात. बसमध्ये तिच्याशिवाय त्याचं चालत नाही आणि त्याच्याशिवाय तिचं. हरवायचं ते किटणाला, म्हणजे दातांवर साचणाऱ्या चिकट थराला, भावंडाला नाही.

थांब्यांची नावं बदलायला त्याला मोकळीक द्या. एखाद्या आठवड्यात बस आजोळी जाईल, एखाद्या आठवड्यात जत्रेला. मुलाने स्वतः ठरवलेल्या मार्गावर बस चालवायला त्याला सांगावं लागत नाही. तुमचा नियम एकच असू द्या: दोन्ही टोकांचे थांबे कधीही रद्द होत नाहीत. लहान मुलं पुढचे दात चकचकीत करतात आणि मागच्या दाढांपाशी ब्रश पोचण्याआधीच वळवतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत कीड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत त्या टोकाला आणखी महत्त्व आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ येते, वर-खाली, दोन्ही बाजूंना मिळून चार. तिला जागा करून द्यायला कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आलं तरी दुधाचीच समजून सोडून देतात. ती कायमची दाढ असते, जन्मभराची. बाहेर येताना काही महिने ती शेजारणीपेक्षा ठेंगणी असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून अलगद निघून जातो. तिच्या खाचाही खोल असतात. आज रात्री टॉर्च घेऊन बघा. आली असेल तर मुलाला सांगा की मार्गावर नवा थांबा झाला. नाव त्याने ठेवावं. तिथे ब्रश गालाकडून आडवा आत घालावा लागतो, हे त्याला आरशात दाखवा.

आता दुसरा खेळ. हा आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. किटण पांढुरकं असतं आणि दातही पांढरे, म्हणून मुलाला ते दिसतच नाही. जे दिसत नाही त्याच्याशी त्याने रोज का भांडावं? दंतवैद्यांकडे किटणाला रंग चढवणारी गोळी किंवा थेंब मिळतात. ती चावून तोंडभर फिरवली आणि थुंकली की स्वच्छ दात पांढरे राहतात आणि जिथे किटण असेल तिथे लालगुलाबी रंग चढतो. गोव्यातल्या मुलांना याला काय म्हणायचं ते शिकवावं लागत नाही. जांबावलीच्या उत्सवातला गुलाल! ओठांना आधी थोडं व्हॅसलीन लावा, अंगावर जुना टॉवेल घ्या, म्हणजे रंग राहणार नाही. रंगाची किंवा औषधाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

गुलाल आधी तुम्ही आणि यजमानांनी लावून घ्या. बाबांच्या दातांवर कुठे-कुठे लाल आहे ते शोधायला दोघांनाही टॉर्च द्या. बाबांचे दात अगदी स्वच्छ निघणार नाहीत, आणि मुलांना त्यात जो आनंद होतो तो दहा चांदण्यांत मिळत नाही. मग मुलांची पाळी. एका वहीत तोंडाचा साधा नकाशा काढा, वरची कमान आणि खालची कमान, आणि लाल दिसेल ते त्याने स्वतः रंगवावं. मग बस काढून तो गुलाल घालवावा. पुढच्या रविवारी नवं पान. काही आठवड्यांत त्याला कळेल की आपला जुने गोव्याचा थांबा नेहमी लाल राहतो. मोजायचंच असेल तर हे मोजा. ब्रश ओला करून हा लाल रंग जात नाही, कुणाशी सौदा करूनही जात नाही. दोन मुलांची पानं मात्र शेजारी-शेजारी ठेवू नका. प्रत्येकाचं आजचं पान त्याच्या स्वतःच्या मागच्या पानाशीच ताडून बघायचं.

‘ओळ तुटली, आता काय उपयोग?’ या वाक्याने मला वाईट वाटलं, कारण ते मुलाच्या आळसातून आलेलं नाही. सलग दिवस मोजणारा कुठलाही खेळ एका चुकलेल्या दिवशी आधीचं सगळं पुसून टाकतो, म्हणून तो सलग मोजू नका. एका बाटलीत चिंचोके टाका. रात्रीची बस पोचली की दोघांनी मिळून एक चिंचोका टाकायचा. बस चुकली तर त्या दिवशी चिंचोका नाही, पण बाटलीतून काढायचा कधीच नाही. आणि बाटली भरल्यावर काय मिळणार, याचं आश्वासन देऊ नका. भरलीच तर एखाद्या दिवशी न सांगता मिरामारच्या किनाऱ्यावर घेऊन जा.

पुढच्या चवथीला दोन्ही ब्रश सामानात वर ठेवा. मूळ घरी चुलत-आते-मामे मिळून दहा-बारा पोरं जमतात, नेवऱ्या-मोदक दिवसभर चालू असतात, त्या दिवसांत रात्रीचं घासणं उलट अधिक गरजेचं. आरत्या संपल्या की सगळ्या पोरांना ब्रश देऊन पडवीत उभं करा आणि घुमट वाजवणाऱ्या एखाद्या काकांना दोन मिनिटं संथ ठेका धरायला सांगा. ठेका संथच हवा; जलद झाला तर मुलं दात घासण्याऐवजी खरवडतात.

आता एक गोष्ट जी खेळाने सुटत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात एकट्याने दात पूर्ण स्वच्छ करू शकत नाही. मनगट ज्या बारकाईने वळायला हवं ती बारकाई अजून आलेली नसते. त्याला बुटाची नाडी नीट बांधता येते का बघा; जमत नसेल तर दातही नीट जमत नाहीत असं धरून चाला. म्हणून रात्री बस पोचल्यावर तिकीट तपासनीस चढला पाहिजे, आणि तो तुम्ही किंवा यजमान. मुलाचं डोकं मांडीवर घ्या किंवा त्याच्या मागे उभं राहून हनुवटी धरा, ओठ बोटाने वर उचला, हिरडीच्या कडेवर ब्रश किंचित तिरपा धरून लहान-लहान गोल फिरवा. सकाळी घाई असते, तेव्हा त्याचं त्याने केलं तरी एक वेळ चालेल. रात्री मात्र तपासनीस सुटीवर जाऊ देऊ नका. झोपेत लाळ फार कमी होते, आणि दातांचं रक्षण करणारी मुख्य गोष्ट लाळच असते. यजमानांची रात्रपाळी असेल त्या दिवशी हे काम सासूबाईंना द्या.

त्यांच्याबद्दल बोलायचंच आहे. त्या म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. त्यांच्या लहानपणी दात कमी किडत असतील, पण त्याचं श्रेय आंब्याच्या पानाला देता येणार नाही. तेव्हा दोन जेवणांच्या मध्ये मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा, चॉकलेट, डब्यातलं सरबत नसायचं. गोड खाल्ल्यावर किटणातले जंतू काही मिनिटांत त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळवतं. लाळ ते निवळवते, पण त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. तेवढ्यात आणखी एक घास गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त भोवतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत स्वीडनमध्ये व्हिपेहोम इथल्या संस्थेत हे तपासलं गेलं. मनोदुर्बल रुग्णांना त्यांच्या संमतीविना चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडू दिले. तो अन्याय होता आणि आज त्याकडे तसंच पाहिलं जातं. पण जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळेची चिकट साखर कितीतरी जास्त घातक, हे त्यातून कळलं. पुढे त्या देशात मुलांना गोड आठवड्यातून एकदा, शनिवारी द्यायची पद्धत रुजली.

सासूबाईंचं कौतुक थांबवू नका, वेळ बदला. चॉकलेट रविवारी दुपारी, जेवणाबरोबर. दात घासल्यावर फक्त पाणी. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की काकण (कड्यासारखा पाव) चहात बुडवून खायला काही हरकत नाही, पण तो चहा रात्री झोपेपर्यंत घोट-घोट पुरवू नका. रात्री चॉकलेटच्या जागी त्यांच्याकडून एक गोष्ट मागा, रोज थोडी पुढे जाणारी. बस पोचली, तपासनीस उतरला, की आजीच्या अंथरुणात पुढचा भाग. तुम्ही म्हणाल, हेही बक्षीसच झालं. फरक आहे. गोष्ट किती मिळेल हे दात किती घासले त्यावर ठरत नाही. ती रोजच्या क्रमात पुढे येते, आंघोळीनंतर कपडे येतात तशी.

‘पडायचेच आहेत’ याचंही उत्तर त्यांना सांगा. पुढचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या मुलाला त्या अजून चार ते सहा वर्षं जेवायला लागणार. शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नव्यांना वाट उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा जगभरातला आकडा ५१ कोटींच्या वर दिला आहे. पडायचेच म्हणून सोडून दिलेले हे दात रात्री-अपरात्री ठणकतात आणि मूल जेवायचं थांबतं.

अॅप काढून टाका असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये आलेलं पोकेमॉन स्माइल किंवा तशी दुसरी अॅप्स फोनच्या कॅमेऱ्यात मुलाचं तोंड दाखवतात, ब्रश फिरला की जंतू हरतात आणि नवं पात्र हाती लागतं. कल्पना चांगली आहे. पण झोपेच्या वेळी फोन हातात देणं मला पटत नाही, आणि तुमच्या मुलाचे डोळे आरशात असायला हवेत. वापरायचंच असेल तर सकाळच्या वेळी, फोन तुमच्या हातात ठेवून, आठवड्यातून एखाद-दोन दिवस. बस रुळली की त्याची आठवणही राहणार नाही.

पेस्टबद्दल थोडक्यात. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ, केस फाकले की बदलायचा. नाही फाकले तरी तीन महिन्यांनी. पेस्ट फ्लोराइडची, खोक्यावर साधारण १००० पीपीएम लिहिलेलं बघून घ्या. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड फार कमी असतं किंवा नसतंच. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वळसा दाखवतात तो मुलांसाठी नाही. पेस्ट गिळू द्यायची नाही. थुंकायला सांगायचं, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर दातांवर राहायला हवं ते फ्लोराइडही वाहून जातं. आपल्याला चूळ भरायची जन्माची सवय, म्हणून हे मोठ्यांनाच जड जातं. मुलगा पेस्ट ‘तिखट लागते’ म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाही. पुदिन्याची चव काही मुलांच्या जिभेला खरंच झोंबते. सौम्य चवीची आणा. पुष्कळ घरांतली रडारड एवढ्यानेच निम्मी होते.

आता तुमचा ताजा कलम. खरं तर तो पत्राच्या सुरुवातीला हवा होता. पेस्टने असा पट्टा पडत नाही. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेने, खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा ही बहुतेक वेळा किडीची पहिली खूण असते. त्या जागेची खनिजं जाऊ लागलेली असतात. या टप्प्यावर नीट घासणं, गोडाच्या वेळा कमी करणं आणि दंतवैद्यांनी लावलेलं फ्लोराइड वार्निश यांनी ती थांबवता येते. तपकिरी ठिपका कदाचित त्यापुढचा टप्पा असेल. तो पोखरला आहे का हे तपासूनच कळेल. ती रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपते का, किंवा मध्यरात्री गोड दूध मागते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. असेल तर आजपासून रात्री फक्त पाणी.

तिला याच आठवड्यात दाखवा. बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, किंवा फोंड्यातले तुमच्या ओळखीचे दंतवैद्य असतील तर तेही चालतील. मुलालाही बरोबर न्या आणि तीन गोष्टी विचारा: नवी दाढ आली असेल तर तिच्या खाचा बुजवणारा लेप, म्हणजे सीलंट, आता लावता येईल का, धाकटीला वार्निश किती महिन्यांनी लावायचं, आणि गुलालाची गोळी कुठे मिळेल. जाण्याआधी मुलांना ‘अजिबात दुखणार नाही हं’ असं सांगू नका, त्याने दुखण्याचाच विचार डोक्यात जातो. डॉक्टर लहान आरशाने दात मोजणार आहेत, इतकंच सांगा. सुटीचा प्रश्न असेल तर यजमानांची दुपारपाळी असेल त्या सकाळी ते नेऊ शकतील.